न धावलेल्या शर्यती

ब्लॅक कॅव्हिअर या ऑस्ट्रेलियन घोडीच्या सगळ्या शर्यतींच्या वेळा मी एका संध्याकाळी वहीत उतरवल्या आणि बेरीज केली. 25 शर्यती, 25 वेळा पहिली, त्यातल्या 15 ग्रुप वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या. बेरीज अर्ध्या तासाच्या आत आली. एप्रिल 2009 मध्ये मेलबर्नच्या फ्लेमिंग्टनवर ती पहिल्यांदा उतरली आणि एप्रिल 2013 मध्ये सिडनीच्या रँडविकवर शेवटची धावली. या चार वर्षांत तिने देशाला वेड लावलं, आणि एवढं सगळं करताना शर्यतीत ती पळाली किती, तर आमच्याकडे वरणभाताचा कुकर लावून उतरवेपर्यंत!

मला कुतूहल आहे ते उरलेल्या वेळाचं.

तसं घोड्यांच्या रेसबद्दल मराठी मध्यमवर्गीय घरात कौतुकाने बोलायची सोय नसते. आमच्या आतोबांना महालक्ष्मीचा नाद होता. रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते 'जरा कामाला' जायचे, आणि संध्याकाळी दारात चपला कशा काढल्या यावरून आत्या निकाल ओळखायची. घोडा म्हणजे गवत कमी आणि पगार जास्त खाणारं जनावर, हीच आमची समजूत. पुढे नोकरीनिमित्त मी मेलबर्नला आलो आणि योगायोगाने जागा मिळाली ती कॉलफील्ड स्टेशनपाशी, रेसकोर्सला लागूनच. आतोबांना फोनवर सांगितलं तर पलीकडून एकदम उजळलेला आवाज : "अरे, आपलं महालक्ष्मी त्याच्याच धर्तीवर बांधलंय!" आणि ते खरंच आहे. मुंबईचं ते 1883 सालचं मैदान आखताना कॉलफील्डचाच नमुना पुढे ठेवला होता. त्या काळात इकडून तिकडे जहाजं भरभरून घोडेही जायचे. न्यू साउथ वेल्सचे म्हणून त्यांना 'वेलर' म्हणत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातलं घोडदळ बऱ्याच अंशी त्यांच्या पाठीवर होतं. असो. सांगायचं ते हे, की त्याच कॉलफील्डच्या आवारात पीटर मूडी या ट्रेनरचा तबेला होता, आणि त्या तबेल्यात ही घोडी होती.

तिचा जन्म 18 ऑगस्ट 2006 चा. बाप बेल एस्प्रिट, आई हेल्सिंगी. 2008 च्या मेलबर्नच्या लिलावात मूडींनी तिच्यावर 2 लाख 10 हजार डॉलरची बोली लावली. ही रक्कम लहान नाही, पण त्या धंद्यात डोळे फिरवणारीही नाही. मालक म्हणजे मित्रमंडळींचा एक गट, कुणी शेख नाही की सरदार नाही. जॉकीच्या अंगात फिकट गुलाबी रंगाचा, काळ्या ठिपक्यांचा सदरा. पुढे त्या ठिपक्यांचे टाय, टोप्या, झेंडे घेऊन लोक मैदानं भरायला लागले. पहिली शर्यत 18 एप्रिल 2009 ला, दोन वर्षांच्या घोड्यांची, 1000 मीटर. पाच लेंथने, म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीएवढ्या अंतराने जिंकली.

मेलबर्नचं पहिलं प्रेम लांब पल्ल्याचं. नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपला शहराला सुट्टी असते. ती शर्यत 3200 मीटरची. तिथे घोडा मागे राहू शकतो, चुकीच्या जागी अडकू शकतो, दम राखून शेवटच्या वळणावर हिशेब चुकता करू शकतो. 1000 किंवा 1200 मीटरमध्ये यातलं काही होत नाही. सुरुवातीच्या कप्प्याचं दार उघडताना घोडा अडखळला की संपलं. भरधाव घोड्याचा श्वास टापांशी जखडलेला असतो, एका ढांगेला एक श्वास, त्यात कमीजास्त करण्याची मुभा नाही. प्लीहा आकसून राखीव तांबड्या पेशी रक्तात ओतते, हृदय मिनिटाला 200 च्या वर ठोके टाकतं. आणि सगळ्यात बिकट गोष्ट म्हणजे हे सगळं अर्धा टन वजन पेलणाऱ्या, मनगटासारख्या बारीक हाडांच्या चार पायांवर चालतं. जितका वेग जास्त, तितका पायावरचा मार जास्त. जे जनावर सर्वांत वेगवान, त्याचेच पाय सर्वांत आधी मोडायला आलेले असतात. वेगवान घोडा शोधणाऱ्या ट्रेनरचं काम तिथे निम्मंच झालेलं असतं. त्याला धावू किती द्यायचं, हे उरलेलं निम्मं.

मूडींनी तिला 25 वेळाच धावू दिलं. चार वर्षांत 25.

सुरुवातीलाच कसोटी आली. सप्टेंबर 2009 मध्ये फ्लेमिंग्टनला दारातून निघतानाच ती अडखळली. तशीही जिंकली, पण छातीचा स्नायू दुखावला, आणि तिकडचा सप्टेंबर-नोव्हेंबरचा सगळा वसंत हंगाम, जेव्हा ऑस्ट्रेलियात खरा पैसा मैदानात असतो, ती तबेल्यात राहिली. जानेवारी 2010 मध्ये परतली, मूनी व्हॅलीत पाचवी शर्यत जिंकली आणि पायाच्या दुखण्याने पुन्हा बाहेर. थेट ऑक्टोबर उजाडला. म्हणजे तीन वर्षांची घोडी, जिचं वय कमाईचं, जिची किंमत रोज वाढतेय, ती वर्षभरात एकदा पळते आणि बाकी वेळ मोतद्दाराच्या हातून पायाला बर्फ लावून घेत उभी राहते. मालकांनी घाई केली असती तर दोष देता आला नसता. माझ्या लेखी तिचा पहिला मोठा विजय हाच, शर्यतीच्या यादीत कुठेही न सापडणारा.

त्याचं फळ 2011 मध्ये दिसलं. फेब्रुवारी ते मे या काळात पाच शर्यती, पाचही ग्रुप वन. मार्चमधली न्यूमार्केट हँडिकॅप तिने पाठीवर 58 किलो घेऊन जिंकली. हँडिकॅपचा डावच असा की चांगल्या घोड्याला वजनाने मागे खेचायचं. रँडविकला 'हे लिस्ट' नावाचा कसलेला घोडा तिला मागे टाकून पुढे निघाला होता, आणि सरळ रेषेत आल्यावर तिने त्याला गाठून ओलांडलं. बिचारा 'हे लिस्ट'! दुसऱ्या कुठल्याही काळात जन्मला असता तर त्याच्या नावाचा डंका वाजला असता; इथे त्याच्या वाट्याला वारंवार तिची शेपटी पाहणं आलं. व्हिक्टोरियात घोडे डावीकडे वळत पळतात, सिडनी-ब्रिस्बेनला उजवीकडे. कित्येक घोडे एका बाजूचे राजे आणि दुसऱ्या बाजूला सामान्य असतात. हिला फरक पडला नाही.

मी तिला जवळून पाहिलं ते फेब्रुवारी 2012 मध्ये, कॉलफील्डलाच, सी. एफ. ऑर स्टेक्सच्या दिवशी. घर शेजारीच असल्यामुळे लवकर जाऊन पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवाराच्या, कुंपणाला टेकून जागा धरली. बाकीचे घोडे फेरी मारताना अंग टाकत होते, मान झटकत होते. दोघांच्या मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस आला होता. ती आली ती चालत, अगदी बाजारहाट करून आल्यासारखी. रंग काळा नव्हेच, गर्द तपकिरी, उन्हात तांबूस पडणारा. समोरून पाहिली तर चारचौघींसारखी. वळली आणि मागचे पुठ्ठे दिसले, तेव्हा शेजारचा म्हातारा स्वतःशीच हसला. तो भाग वेगळ्याच, मोठ्या जनावराचा वाटत होता. कातडीखाली शिरा दोरीसारख्या उठून दिसत होत्या, पण कोरड्या, घामाचा थेंब नाही. एक कान पुढे, एक मागे. मोतद्दाराने लगाम दोन बोटांत धरला होता. आपण भारतात घोडा पाहतो तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर माथेरानला. मी तरी एवढी ताकद एवढ्या शांतपणे चालताना त्याआधी पाहिली नव्हती.

शर्यत 1400 मीटरची होती, तिच्यासाठी सर्वांत लांब. तेवढ्या अंतरावर ती त्याआधी आणि त्यानंतरही कधी धावली नाही. ल्यूक नोलेन तिच्या 25 पैकी 22 शर्यतींचा जॉकी. मला त्याच्याबद्दल आठवतं ते त्याचं न हलणं. बाकीच्यांचे हात, कोपर, चाबूक सगळं सुरू झालेलं आणि हा आपला गाठोड्यासारखा बसून. शेवटच्या 200 मीटरला हात जरासे पुढे केले, बस. लोक ओरडत नव्हते, हसत होते. ज्या खेळात अनिश्चिततेवरच सगळा बाजार चालतो, तिथे निश्चित गोष्ट पाहायला एवढी गर्दी का व्हावी, हे मला तेव्हा कोडं वाटलं होतं. पैशाचा तर प्रश्नच नव्हता. तिचा भाव इतका उतरलेला असे की डॉलर लावला तर नफ्याचे सेंट हातात मोजायचे. लोक एक डॉलरचं तिकीट काढायचे आणि जिंकल्यावरही वटवायचे नाहीत, आठवण म्हणून पाकिटात ठेवायचे. आतोबांना हे सांगितलं तर त्यांना हे लोक शुद्धीवर आहेत का, अशी शंका आली.

मूडींनी तिला ऑरनंतर सातच दिवसांनी लाइटनिंग स्टेक्सला उतरवलं. माझ्या 'थांबवण्याच्या' कौतुकाला हा अपवाद म्हणावा लागेल. पण जनावर तयार असेल तेव्हा आठवड्यातही पळवायचं आणि नसेल तेव्हा वर्ष गेलं तरी हरकत नाही, हे वेळापत्रक घोडीकडे बघून आखलेलं दिसतं. कॅलेंडर बघून आखलेलं नव्हे.

मग आला जून आणि रॉयल अ‍ॅस्कॉट, इंग्लंडातल्या शर्यतींचा मानाचा मेळा. 21 शर्यती जिंकून झाल्यावर इंग्लंडला जायची गरज होती का, यावर त्या वेळी खूप चर्चा झाली, आणि मला अजूनही वाटतं की गरज नव्हती. पण जगाने मान्य करावं ही भूक ऑस्ट्रेलियन माणसालाही असते. इंग्लंडचं प्रमाणपत्र म्हटलं की आपला जीव कसा होतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. तिशीच्या घरातल्या तासांचा प्रवास, विमानात स्नायूंना आधार म्हणून अंगभर घट्ट बसणारा सूट. 23 जून 2012, डायमंड ज्युबिली स्टेक्स, सहा फर्लांग म्हणजे 1200 मीटर. अ‍ॅस्कॉटची सरळ धाव शेवटाला चढण घेते. मेलबर्नमध्ये रात्रीचा पाऊण वाजला होता आणि फेडरेशन स्क्वेअरवर मोठ्या पडद्यासमोर हजारो लोक थंडीत कुडकुडत उभे होते. मी घरीच होतो, पांघरूण घेऊन.

ती पुढे आली, पण नेहमीसारखी निसटली नाही. नोलेनच्या हे लक्षात आलं असणार. शेवटच्या काही ढांगा उरल्या असताना, जिंकलं असं समजून, त्याने हात सैल सोडले. घोडीने ते तत्काळ ऐकलं आणि वेग कमी केला. उजव्या-डाव्या बाजूने मूनलाइट क्लाउड आणि रेस्टियादार्जां या दोन फ्रेंच घोड्या झेपावत आल्या. नोलेनने पुन्हा जोर लावला आणि तिघी जवळजवळ एकत्रच रेषेवर. फोटो पाहून निकाल : ब्लॅक कॅव्हिअर, एका डोक्याच्या अंतराने. इंग्लंडची राणी खाली येऊन तिच्या नाकावरून हात फिरवून गेली, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी नोलेनला सोलून काढलं. त्याने चूक कबूल केली, सबबी सांगितल्या नाहीत.

नंतर तपासणीत कळलं की तिच्या मागच्या मांडीचा स्नायू फाटला होता आणि कंबरेजवळचा दुसराही. म्हणजे ज्याला लोक 'जेमतेम' जिंकणं म्हणत होते ते फाटलेल्या स्नायूवर, चढणीवर, अर्धं जग ओलांडून आल्यावर केलेलं होतं. त्या रात्री मी चिडून टीव्ही बंद केला होता. आता ती चित्रफीत पाहतो तेव्हा नोलेनचे ते सैल सोडलेले हात मला तितकेसे गुन्हेगार वाटत नाहीत. त्याच्या बुडाखालचं जनावर नेहमीसारखं नाही हे जगात पहिल्यांदा त्यालाच कळलं असणार. त्याने तिला वाचवायला जरा लवकर सुरुवात केली, एवढंच. हा माझा तर्क आहे, तो स्वतः असं म्हणालेला नाही.

त्यानंतर पुन्हा तेच. घरी आणून आराम, सबंध वसंत हंगाम सोडून दिलेला. मेलबर्न कपचा आठवडा आला आणि गेला, ती मैदानावर नव्हती. ऑफिसात लोक म्हणायला लागले की संपली. वय सहा, दुखापत मोठी, आता शिंगरं होऊ देत. 16 फेब्रुवारी 2013 ला ती फ्लेमिंग्टनला लाइटनिंगमध्ये परतली. त्या शर्यतीच्या नावात एव्हाना तिचं नाव जोडलं गेलं होतं, म्हणजे जिवंतपणीच स्वतःच्या नावाच्या स्पर्धेत भाग घेण्याचा मान. 1000 मीटर, 55.42 सेकंद. स्पेशल नावाच्या घोडीने 1988 मध्ये केलेला मैदानाचा विक्रम मोडला. उभ्या जागेवरून निघून सरासरी ताशी 65 किलोमीटर. फाटलेला स्नायू आठ महिने सांभाळल्यावर.

मार्चमध्ये 24 वी, 13 एप्रिलला रँडविकला 25 वी. आणि चारच दिवसांनी, 17 एप्रिलला, निवृत्ती. घोडी ठणठणीत, प्रतिस्पर्धी मागे तीन लेंथ, लोक 26, 27 चे आकडे बोलत असताना. आणखी एकदा इंग्लंड, नाहीतर निदान घरच्या मैदानावर निरोपाची शर्यत, तिकिटं हातोहात खपली असती. ऑस्ट्रेलियाला फार लॅप ठाऊक आहे. 1930 चा मेलबर्न कप जिंकलेला तो उंचापुरा घोडा, 51 शर्यतींत 37 विजय. जिंकत गेला तसा त्याला पळवत गेले, वजनं चढवत गेले. 1932 मध्ये मेक्सिकोत नेऊन जिंकवला, आणि काही दिवसांतच कॅलिफोर्नियात तो तडफडून मेला. त्याचं कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात पेंढा भरून उभं आहे, हृदय कॅनबेरात, सांगाडा न्यूझीलंडमध्ये. मी ते कातडं पाहिलंय. शाळेच्या सहली त्याच्यासमोर फोटो काढतात. असा घोडा ज्या शहराने काचेत ठेवलाय, तिथल्या ट्रेनरला थांबण्याची अक्कल आली असेल तर नवल नाही.

पुढचं आयुष्य घोडीच्या नशिबी असतं तसं : पैदास. तिच्या मुलांकडून सगळ्यांनी फार अपेक्षा केल्या. एकही आईच्या जवळपास आलं नाही. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. इतक्या टोकाचा वेग वारसाहक्काने वाटता येत असता तर त्या लिलावात 2 लाख 10 हजारांत ती मिळालीच नसती. नातू मात्र निघाला. तिची थोरली मुलगी ओसिएट्रा, तिचा ऑझमोसिस, 2023 मध्ये फ्लेमिंग्टनच्या त्याच सरळ धावेवर कूलमोर स्टड स्टेक्स जिंकला.

17 ऑगस्ट 2024 ला, अठरावा वाढदिवस एका दिवसावर असताना, तिला कायमचं झोपवावं लागलं. कारण लॅमिनायटिस. घोडा खरं तर प्रत्येक पायाच्या मधल्या एकाच बोटाच्या टोकावर चालतो, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. नख आणि आतलं हाड यांना शेकडो नाजूक पापुद्र्यांची वीण धरून ठेवते. ती वीण सुजली, सुटली, की हाड नखातून खाली सरकतं, आणि अर्ध्या टनाच्या जनावराला उभं राहणंही असह्य होतं. बसून राहणं त्याच्या शरीराला जमत नाही. 25 शर्यतींत ज्या पायांना एवढं जपलं, त्यांचं दुखणं शेवटी धावण्यातून आलंच नाही.

लोक अजून वाद घालतात तो न झालेल्या एका शर्यतीवर. अ‍ॅस्कॉटच्या त्याच आठवड्यात इंग्लंडचा फ्रँकलही धावला होता, पुढे 14 पैकी 14 जिंकून निवृत्त झालेला, आणि घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्मच्या मोजमापात 147, तर ही 136. फ्रँकलचं घरचं अंतर 1600 मीटर, हिचं 1200. मधल्या 1400 वर दोघांची गाठ घालावी अशी चर्चा झाली. झालं काही नाही, दोन्ही बाजूंनी नाही. ऑफिसातला माझा ग्रीक-ऑस्ट्रेलियन सहकारी दरवर्षी या विषयावर एका बिअरची पैज मारायला बघतो, जशी काही शर्यत पुढच्या शनिवारी आहे. 1600 ला फ्रँकल, यात मला शंका नाही. 1200 ला ही, यातही नाही. 1400 ला मात्र मी बिअरसुद्धा लावणार नाही. कॉलफील्डला ज्या दिवशी ती त्या अंतरावर धावली तेव्हा नोलेनने तिला पूर्ण सोडलंच नव्हतं, त्यामुळे तिच्यात आणखी किती शिल्लक होतं याचा अंदाज करायला माझ्याकडे काहीच नाही.